न्यायाधीशाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार (नाशिक जिल्हा)

जिल्हा व तालुका न्यायालयांतील न्यायाधीशांच्या वर्तनाबद्दलची तक्रार. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार या न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. नाशिक मुंबईच्या मुख्य पीठाखाली येते. शेजारचे धुळे, जळगाव औरंगाबाद खंडपीठाकडे. त्यामुळे निफाड किंवा मालेगावच्या न्यायाधीशाविरुद्धचा अर्ज मुंबईला उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलकडे (मुख्य प्रशासकीय अधिकारी) पाठवतात किंवा जुन्या आग्रा रोडवरील जिल्हा न्यायालयात प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे देतात. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देऊन उपयोग नाही. महसूल यंत्रणेचा न्यायाधीशावर अधिकार चालत नाही.

निकाल विरोधात गेला, एवढ्यावर तक्रार होत नाही. त्यासाठी अपील आहे. लाच मागणे, एका पक्षकाराशी खासगीत संधान बांधणे, कोर्टात अपमानास्पद बोलणे हे गैरवर्तन.

सरन्यायाधीशांच्या २०१४ च्या निर्देशांनुसार तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येईल असा पुरावा लागतो. ‘साहेब पैसे खातात’ एवढे लिहून भागत नाही. खटल्याचा क्रमांक, तारीख, नेमके शब्द आणि तेव्हा कोर्टात कोण हजर होते, हे सांगावे लागते. त्या दिवसाच्या रोजनाम्याची (कोर्टातील कामकाजाची दैनंदिन नोंद) प्रमाणित नक्कल जोडलेली बरी. मात्र न्यायाधीश काय बोलले हे रोजनाम्यात सहसा उतरत नाही. तिथे हजर असलेल्या कुणाचे तरी प्रतिज्ञापत्रच कामी येते. खरी अडचण इथेच आहे, कारण रोज त्याच कोर्टात उभे राहणारा वकील सही करायला सहजी धजावत नाही.

तक्रार केली तर कोर्टाचा अवमान होईल, ही भीती बरीचशी अनाठायी. अवमान कायदा, १९७१ चे कलम ६ सद्भावनेने उच्च न्यायालयाकडे केलेल्या अशा तक्रारीला संरक्षण देते. तोच मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरवला तर हे संरक्षण मिळत नाही.

तक्रार दिल्याने खटला थांबत नाही की दुसऱ्या कोर्टात जात नाही. वर्ग करून हवा असल्यास वेगळा अर्ज करावा लागतो.

सरकारी वकिलांची वाट निराळी. सत्र न्यायालयातील सरकारी वकील राज्य शासन नेमते. त्यांच्याविरुद्धची तक्रार विधी व न्याय विभागाकडे जाते. दंडाधिकारी न्यायालयातील सहायक सरकारी अभियोक्ते अभियोग संचालनालयाखाली असतात. सनदधारक वकिलाविरुद्ध महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडेही अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली दाद मागता येते.