कॉकपिटमधील हवामानदर्शक

छोट्या खाजगी विमानात वैमानिकासमोर बसवलेला, वाटेतील पाऊस किंवा विजा दाखवणारा पडदा. गडगडाटी वादळ टाळण्यासाठी तो वापरतात. वादळातून वाट काढण्यासाठी नव्हे.

याचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकी विमानांच्या रडारमध्ये शोधण्याचा प्रघात आहे. मात्र त्या रडारला पाऊस दिसे तो अडथळा म्हणून. म्हणून खास हवामानासाठीच्या उपकरणाचा आरंभ १९५० नंतरच्या दशकात, प्रवासी विमानांत मानणे अधिक सयुक्तिक. तेव्हा वाद होता तो तरंगलांबीचा, म्हणजे रडार सोडते त्या रेडिओ लहरींच्या लांबीचा. सु. ५.५ सेंमी. लांबीच्या लहरी दाट पाऊस भेदून पलीकडचे दाखवत. युनायटेड एअरलाइन्सने १९५३ च्या सुमारास चाचण्या घेऊन त्याच पसंत केल्या. सु. ३ सेंमी. लहरींना लहान अँटेना पुरते; अखेर त्याच रूढ झाल्या. परंतु त्या जोरदार सरीतच जिरतात आणि सरीमागचा पडदा काळा राहतो. तो काळा भाग मोकळे आकाश समजणे घातक ठरते.

एक इंजिनाच्या विमानात नाकावर पंखा असल्याने अँटेनेची अडचण होते. पॉल रायन यांचे १९७० नंतरच्या दशकातील ‘स्टॉर्मस्कोप’ त्यावर उतारा ठरले. ते विजेतून निघणारे रेडिओ स्पंद टिपते. मुंबईच्या आकाशात याची मर्यादा चांगलीच कळते. मे महिन्यात सह्याद्रीवर चढणाऱ्या ढगांत विजा भरपूर, तेव्हा पडदा ठिपक्यांनी भरतो. जुलैत उथळ मोसमी ढग धो धो कोसळतात, पण विजा थोड्या, म्हणून समोरचे दिसत नसतानाही पडदा कोराच राहू शकतो.

जमिनीवरील रडारचे चित्र विमानात घेण्याची सोय अमेरिकेत रुळली आहे. हे चित्र शिळे असते: पडद्यावर लिहिलेल्या वयापेक्षा प्रत्यक्षात ते १५–२० मिनिटांनीही जुने असू शकते, असा इशारा तेथील वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये दिला. ताशी ४० किमी. वेगाचे वादळ तेवढ्यात कुलाब्याहून जवळजवळ दादर गाठते. मुंबईत हवामान खात्याचे कुलाब्याचे रडार सु. १० सेंमी., तर २०२२ मधील वेरावलीचे सु. ५ सेंमी. लहरींवर चालते.

तीव्र वादळापासून किमान २० मैल दूर राहावे, असे अमेरिकी विमान वाहतूक प्रशासन सांगते. सागरी मैल धरल्यास हे अंतर सु. ३७ किमी. होते, जुहू विमानतळापासून कल्याण साधारण तेवढेच.