भरून घेतलेली गाणी: खिशातल्या म्युझिक प्लेअरची पार्श्वभूमी

मुंबईत गाणी विकत घेण्याइतकीच ती ‘भरून घेण्याची’ सवय जुनी आहे. कॅसेटच्या काळात रेकॉर्डिंग करून देणारी दुकानं असत. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायचं, सोबत कोरी सी-६० किंवा सी-९० ठेवायचं आणि दोन-चार दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जायचं. सी-६० म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं. यादी करतानाच बेरीज करावी लागे: पाच-पाच मिनिटांची सहा गाणी झाली की बाजू संपली, सातवं मध्येच तुटणार. कॅसेट गेली तरी शब्द टिकला. पुढे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड काउंटरवर ठेवून लोक तेच म्हणत, ‘गाणी भरून द्या.’ कायद्याच्या नजरेत दोन्ही व्यवहार चोरीचेच. पण घराघरांतले संग्रह त्यांतूनच उभे राहिले, हेही खरं. आणि आजच्या छोट्या डिजिटल प्लेअरच्या बहुतेक खोडींचं मूळही शोधायला गेलं तर या भरण्यातच सापडतं.

कॉम्पॅक्ट कॅसेट फिलिप्सने १९६३मध्ये आणली. सोनीचा पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. दोन पेन्सिल सेल, दोघांना ऐकता यावं म्हणून हेडफोनच्या दोन खाचा, आणि रेकॉर्डिंगची सोय मात्र नाही. नुसतं ऐकण्याचं यंत्र ही कल्पनाच तेव्हा नवी होती. मुंबईत असा माल गल्फहून येणाऱ्यांच्या बॅगांतून, नाहीतर मनीष मार्केट किंवा हिरापन्नासारख्या ‘इम्पोर्टेड’ वस्तूंच्या बाजारांतून हाती लागायचा. थोड्याच वर्षांत कुठल्याही कंपनीच्या तसल्या डबीला लोक सर्रास वॉकमनच म्हणू लागले.

सीडीवरच्या आवाजाचं गणित वेगळं. सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन चॅनल. म्हणजे १,४११ केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट, हाच डेटाचा ‘दर’), मिनिटाला दहा एमबीहून जास्त. एवढा डेटा खिशात मावण्याजोगा करायचा तर काहीतरी टाकून देणं भागच होतं. काय टाकायचं हे जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या मंडळींनी, त्यांत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग हे नाव पुढे, कानाच्या मर्यादांवरून ठरवलं. मोठ्या आवाजाच्या आड झाकला जाणारा बारीक आवाज कानाला कळतच नाही, मग तो साठवायचा कशाला? त्यातून एमपीथ्री निघालं. फाइलच्या नावापुढचं ‘.एमपी३’ हे शेपूट १४ जुलै १९९५ रोजी ठरलं. १२८ केबीपीएसला मिनिटाला जेमतेम एक एमबी, म्हणजे सीडीच्या अकराव्या हिश्शाएवढं.

सगळ्या संगीतावर या काटकसरीचा परिणाम सारखा होत नाही. नुसत्या आवाज-पेटीच्या भावगीताला १२८ चालून जातं. अभंगातले टाळ आणि चिपळ्या मात्र लगेच चहाडी करतात. त्यांचा ठोका क्षणात उठतो, आणि दर कमी असला की ठोक्याच्या आधीच एक फसफस ऐकू येते. झणत्कार पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. म्हणून आपल्या सीडीवरून फाइल करणाऱ्याने लेम एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम) वापरावा आणि दर बदलता, म्हणजे व्हीबीआर, ठेवावा. व्ही२ या पातळीला सरासरी १९०च्या आसपास पडते आणि टाळ शाबूत राहतात. जुन्या स्वस्त प्लेअरवर व्हीबीआर फाइलचा वेळ चुकीचा दिसू शकतो, चार मिनिटांचं गाणं अकरा मिनिटांचं. गाण्याला काही झालेलं नसतं.

१९९८मध्ये कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन एफ१० आणि अमेरिकेत डायमंडचा रिओ पीएमपी३०० आला. दोन्हींत ३२ एमबी. १२८ केबीपीएसला ही झाली साधारण अर्ध्या तासाची जागा, म्हणजे सी-६०ची नेमकी एक बाजू! एवढं मोठं तंत्रज्ञान येऊन गिऱ्हाईक पुन्हा सहा गाण्यांच्या यादीवर. तरी रिओने एक लढाई जिंकून दिली. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने त्यावर खटला भरला. १९९९मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरची फाइल उचलून घेणारं हे यंत्र कायद्यातल्या व्याख्येनुसार ‘डिजिटल रेकॉर्डिंग यंत्र’ नव्हे. तो निकाल उलटा गेला असता तर पुढची सगळी यंत्रं अडली असती.

मधल्या काळात मुंबईच्या फुटपाथवर एमपीथ्री सीडींचा सुकाळ झाला. ७०० एमबीच्या एका तबकडीत १२८ने बारा तास मावतात, म्हणजे सव्वाशे-दीडशे गाणी. त्या तबकड्यांवरच्या फाइली अजून घरोघरच्या कार्डांत फिरत आहेत. त्यांतल्या कित्येक आधी १२८ला दाबलेल्या आणि नंतर पुन्हा ३२०ला ‘वाढवलेल्या’. असा दर वाढवल्याने गेलेलं परत येत नाही, फक्त फाइल फुगते. ओळखायचं तर स्पेकसारख्या प्रोग्राममध्ये फाइल उघडून तिच्यातल्या कमी-जास्त कंपनांच्या आवाजांचा आलेख पाहावा: ३२० म्हणवणाऱ्या गाण्याचा आलेख १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखा थांबत असेल तर आतला माल १२८चा असण्याचीच शक्यता जास्त. मूळ ध्वनिमुद्रण फार जुनं असेल तर वर काही नसतंच, तेवढं लक्षात ठेवावं.

ॲपलचा आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर झाला. तोशिबाची १.८ इंची हार्ड डिस्क, ५ जीबी. डिस्क सतत फिरू नये म्हणून पुढची गाणी आधीच ३२ एमबीच्या मेमरीत उचलून ठेवलेली असत. यंत्र देखणं, पण ‘भरून द्या’ संस्कृतीला अडचणीचं. गाणी ॲपलच्या आयट्यून्स या प्रोग्राममधूनच जायची, आत गेल्यावर फाइलींना चार अक्षरांची निरर्थक नावं मिळायची आणि त्या लपवलेल्या फोल्डरांत पडायच्या. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला जोडला की ‘आधीचं पुसून नवं भरू का’ असा प्रश्न. घाईत ‘हो’ म्हटलं की सगळा संग्रह साफ. शेवटचा आयपॉड टच मे २०२२मध्ये बंद झाला. जुना हार्ड डिस्कवाला आयपॉड आज कोणी विकत असेल तर तो कानाला लावून पाहावा. आत टक-टक आवाज येत असेल तर डिस्क गेली. तिच्या जागी कार्डाचं ॲडॅप्टर बसवता येतं, पण तो खर्च धरूनच भाव करावा.

इथल्या सवयीला सोयीची ठरली ती पेन ड्राइव्हसारखी दिसणारी चिनी डबी. एक बारीक पेन्सिल सेल, निळ्या उजेडाचा बोटभर स्क्रीन, एफएम, व्हॉइस रेकॉर्डिंग. टोपण काढायचं, कॉम्प्युटरमध्ये खुपसायचं, फाइली ओढून टाकायच्या. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत हा माल ढिगाने असे. यांतल्या एका बटणाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही: ए-बी रिपीट. पहिल्या दाबाला ‘ए’, दुसऱ्याला ‘बी’, आणि मधला तुकडा थांबवेपर्यंत फिरत राहतो. गाणं शिकणाऱ्याला एखादी तान घोकायला याहून सोपं साधन नाही. 

या डब्यांनीच दोन दुखणी मागे ठेवली.

पहिलं खोट्या क्षमतेचं. आत १ जीबीची चिप, आणि ती चालवणाऱ्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं की ८ जीबी आहे. कॉम्प्युटर ८च दाखवतो, फाइली बिनतक्रार कॉपी होतात, यादीत नावंही दिसतात. पण खरी जागा संपल्यानंतरचा डेटा आधीच्यावरच लिहिला जातो किंवा हवेत जातो, आणि ती गाणी मुकी राहतात, नाहीतर झटक्यात पुढे सरकतात. मेमरी कार्डांतही हाच खेळ चालतो. कार्ड घेतल्यावर गाणी भरण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने ते पूर्ण भरून तपासावं. सेकंदाला ५ एमबीच्या वेगाने ३२ जीबी लिहायला पावणेदोन तास लागतात, आणि वाचून पडताळायचा वेळ वेगळा. तेव्हा रात्री लावून झोपावं. ३२च्या कार्डावर विंडोज २९ ते ३० जीबी दाखवतं, ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४च्या, एवढाच फरक.

दुसरं दुखणं क्रमाचं, आणि घरच्या ज्येष्ठांना प्लेअर भरून देणाऱ्यांना ते रोज भेटतं. काकड आरती आधी हवी, ती शेवटी वाजते. कारण साधे प्लेअर नावांप्रमाणे नाही, तर कार्डावरच्या फाइलींच्या यादीत, म्हणजे ‘फॅट’ नावाच्या नोंदवहीत, फाइल ज्या क्रमाने चढली त्या क्रमाने वाजवतात. विंडोजमध्ये वीस फाइली निवडून ओढताना जिला माउसने धरलं ती आधी जाते. म्हणून नेहमी पहिल्या फाइलला धरून ओढावं. मधली एखादी पुसून नवी टाकली तर ती बहुधा पुसलेलीच्या रिकाम्या जागी जाऊन बसते, शेवटी नाही. बदल करायचा असेल तर नवा फोल्डर करून सगळं ओळीने पुन्हा कॉपी करणं हाच सोपा उपाय. फाइलींना ०१, ०२, ०३ असे दोन आकडी क्रमांक द्यावेत. नुसता १ दिला तर नावाने लावणाऱ्या प्लेअरवर १ नंतर १० येतो. हे क्रमांक इंग्रजी आकड्यांत, आणि स्वस्त प्लेअरसाठी नावंही रोमन लिपीत. देवनागरी अक्षरं नसलेला प्लेअर चौकोन दाखवतो, आणि असलेला बऱ्याचदा ‘वि’मधली वेलांटी ‘व’च्या पुढे नेऊन ठेवतो. मॅकवरून कॉपी केलं तर प्रत्येक गाण्याच्या जोडीला टिंब आणि खालची रेघ यांनी सुरू होणारी एक छोटी फाइल येते. ती वाजत नाही; पुसून टाकावी.

कार्ड ६४ जीबी किंवा वरचं असेल तर ते एक्सफॅट या नव्या नोंदवहीच्या पद्धतीचं येतं आणि जुना प्लेअर ‘कार्ड नाही’ म्हणून मोकळा होतो. ते जुन्या फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलं की पुष्कळदा चालू होतं. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी अनेक वर्षं ३२ जीबीच्या वर फॅट३२ची परवानगी देत नसे, त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्राम घ्यावा लागे.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांची तक्रार निराळी. मैफलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत हे दोन ट्रॅक असतात, पण मागे तानपुरा सलग चालू असतो. एमपीथ्रीच्या रचनेत फाइलच्या आधी-शेवटी थोडी शांतता भरली जाते. प्लेअरने ती कापली नाही तर द्रुत सुरू होताना षड्ज क्षणभर तुटतो आणि बैठकच मोडल्यासारखी वाटते. याला ‘गॅपलेस’ वाजवणारा प्लेअर लागतो. सॅनडिस्कच्या २००७पासूनच्या क्लिप मालिकेतल्या जुन्या मॉडेलांत रॉकबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर घातलं की ही सोय मिळते, म्हणून सेकंडहँड क्लिप प्लसला आजही मागणी असते. तेवढी खटपट नको असेल तर दोन्ही ट्रॅक सीडीवरून काढतानाच एका फाइलमध्ये घ्यावेत. मात्र मग प्लेअर बंद केल्यावर पुन्हा तिथूनच सुरू होतो का, ते दुकानातच पाहावं. चाळीस मिनिटांचा ख्याल रोज पहिल्यापासून ऐकण्याची चैन दादर ते ठाणे प्रवासात परवडत नाही.

एफएमची खोडही बाहेरून आलेली. मुंबईत खासगी एफएम स्टेशनं २००२मध्ये सुरू झाली आणि ती ९१च्या वर पसरली आहेत: ९१.१, ९३.५, ९८.३. जपानी बाजारासाठीच्या प्लेअरचा पट्टा पूर्वापार ७६ ते ९०. मेनूमध्ये ‘रीजन’ सापडलं तर तो बदलून ८७.५ ते १०८ करावा. नसेल तर त्या यंत्रावर यांतलं एकही स्टेशन लागणार नाही. इअरफोनची वायर हाच अँटेना असल्याने ब्लूटूथ लावून एफएम ऐकता येत नाही, आणि वायर गुंडाळून खिशात कोंबली तर खरखर वाढते.

गर्दीच्या लोकलसाठी निवड करताना स्क्रीनपेक्षा बटणं महत्त्वाची. खिशात हात घालून, न बघता आवाज कमी करता यायला हवा, आणि होल्डचा खटका हवाच. नाहीतर शेजाऱ्याच्या बॅगेचा कोपरा गाणी बदलत राहतो. डब्यातल्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवण्याऐवजी कानात घट्ट बसणारी रबरी टोकं घ्यावीत. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. ज्याला बाहेरचा आवाजच कमी येतो त्याला ती पाळणं सोपं जातं. फाटकाशी किंवा रूळांजवळ मात्र दोन्ही टोकं कानातून बाहेर.

पावसाळ्यात पहिला आजारी पडतो तो हेडफोनचा जॅक. घाम आणि दमट हवेने आतल्या पत्र्यांवर थर चढतो, एका कानाचा आवाज जातो आणि वायर फिरवली की येतो. लोक इअरफोन बदलतात. आधी दुसऱ्या यंत्रावर तेच इअरफोन लावून पाहावेत. दोष जॅकचा ठरला तर प्लेअर बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बारीक काडी जेमतेम ओली करून आत फिरवावी आणि पूर्ण वाळू द्यावं. कपाटात ठेवायचा तर बॅटरी निम्मी भरून ठेवावी. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी चार-सहा महिन्यांत कायमची मरू शकते. पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावूच नये.

आणि नवा, टाइप-सी खाचेचा स्वस्त प्लेअर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर चार्ज झाला नाही, तर तो बिघडलेला असेलच असं नाही. कित्येकांत चार्जरला ओळख पटवणारे दोन छोटे रेझिस्टर बसवलेलेच नसतात, म्हणून चार्जर वीज सोडत नाही. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी असलेली केबल लावली की तोच प्लेअर मुकाट्याने चार्ज होतो.