दोन लिंकन विद्यापीठं, दोन जन्मकथा

अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभी राहिलेली 'लिंकन' नावाची दोन विद्यापीठं आहेत. एक पेनसिल्व्हेनियात, दुसरं मिझुरीत. नाव एकच असल्यामुळे त्यांचा इतिहास सहज एकमेकांत मिसळतो.

पेनसिल्व्हेनियाचं थोरलं. जॉन मिलर डिकी हे प्रेस्बिटेरियन पाद्री आणि त्यांच्या पत्नी सारा यांनी १८५४ मध्ये ते 'अ‍ॅशमन इन्स्टिट्यूट' म्हणून सुरू केलं. लिंकनचं नाव १८६६ मध्ये मिळालं. कवी लँग्स्टन ह्यूज, घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा, नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ननामदी अझिकिवे, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती थरगूड मार्शल हे सगळे इथले विद्यार्थी. एवढा लौकिक असूनही विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष, होरेस मान बाँड, यायला १९४५ साल उजाडावं लागलं.

मिझुरीच्या लिंकनमागे कुणी पाद्री नव्हता, सैनिक होते. मिझुरीत १८४७ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. ६२व्या आणि ६५व्या कृष्णवर्णीय पलटणींतले अनेक जण यादवी युद्धाच्या काळात, छावणीतच अक्षरं शिकले. युद्ध संपल्यावर, घरी परतण्याआधी, त्यांनी तुटपुंज्या पगारातून सहा हजारांहून अधिक डॉलर जमवले. अट अशी की शाळा मिझुरीत निघावी आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी असावी. त्यांचे गोरे अधिकारी रिचर्ड फॉस्टर यांनी १८६६ मध्ये जेफरसन सिटीतल्या एका मोडकळीला आलेल्या इमारतीत 'लिंकन इन्स्टिट्यूट' उघडलं. नुकतेच साक्षर झालेले लोक पुढच्यांच्या शिक्षणासाठी पगार देतात, याहून मोठी देणगी मला माहीत नाही.

या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा १९२१ मध्ये मिळाला. पण सरकारचा हात आखडताच राहिला. तिथला पदवीधर लॉईड गेन्स याला कृष्णवर्णीय असल्यामुळे मिझुरी विद्यापीठाने कायद्याच्या वर्गात घेतलं नाही. शेजारच्या राज्यात शिक, फी आम्ही भरू, असं राज्याचं म्हणणं. १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की समान सोय राज्यातच हवी. मग राज्याने घाईघाईने लिंकनच्याच नावे सेंट लुईसमध्ये कायद्याचं महाविद्यालय काढलं. गेन्स १९३९ मध्ये शिकागोत बेपत्ता झाला, तो पुन्हा सापडला नाही.

मोठा घोटाळा होतो तो इथे. मार्शल यांचं लिंकन पेनसिल्व्हेनियाचं, गेन्सचं मिझुरीचं. गेन्सचा खटला लढवणारे चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे मार्शल यांचे हॉवर्ड विद्यापीठातले गुरू. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा 'ब्राउन' खटला मार्शल यांनी लढवला, तेव्हा गेन्सचा निकाल त्यांच्या हाताशी होता. त्याच वर्षी मिझुरीच्या लिंकननेही सर्व वर्णांच्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला.