होडीतली बॅटरी: वजन नेमकं कुठे वाचलं?

कोल्हापूर जिल्ह्यात मासेमारीच्या होडीला विजेची मोटर लावणारे तसे थोडेच. राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी, पाटगाव या धरणांच्या पाण्यावर बहुतेकांचं काम अजून वल्ह्यावरच चालतं. कुणी टायरची ट्यूब घेऊनच उतरतो. जुन्या माणसांनी तर गुऱ्हाळातल्या काहिलीत बसून नदी ओलांडलेली आहे. तरी ज्या मोजक्या लोकांनी फायबरच्या होडीला मागे बारा व्होल्टची मोटर अडकवली, त्यांच्यात गेली काही वर्षं एकच वाद रंगतोय: शिशाची बॅटरी काढून लिथियम बसवली तर वजन किती वाचतं? दोन्ही काट्यावर ठेवून वजाबाकी केली की झालं, असं वाटतं. पण कुठल्या दोन बॅटऱ्यांची वजाबाकी करायची यावरच एकमत नाही, आणि त्याचं मूळ होडीत सापडत नाही. ते घराच्या जिन्याखाली ठेवलेल्या इन्व्हर्टरमध्ये आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात. शिशाची, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी १८५९ सालची, फ्रान्समधली. १८८१ मध्ये पॅरिसला सीन नदीवर बॅटरीवरची होडी चालवून झाली होती. मासे धरणाऱ्यांसाठी आवाज न करणारी छोटी मोटर १९३४ मध्ये अमेरिकेत निघाली. आज इथे मिळणाऱ्या मोटरी, नाव कुठलंही असो, त्याच घाटाच्या. पेट्रोलच्या इंजिनापुढे ती दुबळी, पण मासा बुजत नाही आणि पाण्यावर तेलाचा तवंग येत नाही. काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईनने शहरात प्यायला येतं, तेव्हा ही दुसरी गोष्ट किरकोळ म्हणता येत नाही.

कोल्हापूरच्या होडीत बॅटरी आली ती मात्र भारनियमनाच्या वाटेने. २००५ च्या पुढची सात-आठ वर्षं राज्यात विजेची जी ओढाताण होती ती इथल्या कुणाला सांगायला नको. त्या काळात घरोघरी, दुकानोदुकानी इन्व्हर्टर बसले. सुरुवातीला त्याला ट्रकची बॅटरी जोडत. ती दोन वर्षांत बसायची, कारण ट्रकच्या बॅटरीचं काम क्षणभर मोठा झटका देऊन इंजिन फिरवण्याचं. तासन्तास पंखा चालवणं तिला सोसत नाही. मग उंच ट्यूब्युलर बॅटरी आली. तिची जाड नळ्यांची प्लेट सावकाश आणि खोलवर रिकामी होण्यासाठीच केलेली. तिच्यात ‘१५० एएच’ (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) हा आकडा इतका रुळला की दुकानात जाऊन माणूस ‘दीडशेची द्या’ एवढंच म्हणायचा.

होडीला मोटर लावणाऱ्याने मग वेगळी बॅटरी शोधली नाही. घरचीच उचलली, किंवा घरच्यासारखीच दुसरी आणली. ती चार्ज करायला घरचा इन्व्हर्टर होताच. सोय चांगली होती, फक्त ही बॅटरी होडीसाठी कुणी बनवलेली नव्हती. आम्लासकट तिचं वजन पन्नास ते साठ किलो. अंगाने उंच, त्यामुळे होडी कलली की तीही कलायची, आणि झाकणातून आम्लाचे थेंब उडायचे. ते पँटवर पडलेलं लगेच कळत नाही. दोन धुण्यांनंतर गुडघ्यावर चाळणी दिसते.

समुद्रावर आणि धरणावर वजनाचा प्रश्न सारखा नाही, आणि समुद्राकडचा हिशेब वाचून इथे बॅटरी घेणारे इथेच चुकतात. मोठ्या होडीत बॅटरी बसवली की ती तिथेच राहते, इंजिन ती भरत राहतं. धरणाच्या काठाला प्लग नसतो. बॅटरी रोज घरी न्यायची, रात्रभर लावायची, पहाटे परत आणायची. पावसाळा संपताना पाणी रस्त्याच्या जवळ असतं. एप्रिल-मे मध्ये ते खाली खाली जातं आणि मध्ये उरतो भेगाळलेला उतार, खाली पायाला धरणारा गाळ. त्या उतारावरून साठ किलोचा डबा दोन माणसांनी दोरीच्या कड्यांना धरून न्यायचा, हातातून निसटू द्यायचा नाही आणि आडवाही करायचा नाही. होडीचा वेग किती वाढला हे इथे कुणी मोजत बसत नाही. दुसऱ्या माणसाची गरज संपली का, हे विचारतात. बारा किलोची लिथियम बॅटरी एकटा माणूस एका हातात नेतो. माझ्या मते लिथियमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच, आणि माहितीपत्रकात तो नसतो.

आता त्या आकड्याकडे.

बॅटरीवर छापलेले १५० एएच हे ‘सी-२०’ मोजमाप असतं. वीस तासांत सावकाश रिकामी केली तर बॅटरी एकूण किती देईल, तो हा आकडा. १५० ला २० ने भागलं की साडेसात अँपिअर. एवढा भार घरातल्या एका पंख्याचा. सोलरसाठी विकल्या जाणाऱ्या बॅटरीवर बहुधा ‘सी-१०’ लिहिलेलं असतं, म्हणजे दहा तासांचा हिशेब. दोन्हीवर १५० लिहिलेलं असलं तरी त्या सारख्या नव्हेत. सी-१० ची खरं तर मोठी आणि म्हणून जडही. स्टिकरवर हे बारीक अक्षरात असतं, दुकानात ते कुणी वाचून दाखवत नाही.

होडीची मोटर पंख्यासारखी सावकाश खात नाही. ५५ पौंड जोराची मोटर पूर्ण वेगाने सोडली तर पन्नास अँपिअरच्या आसपास ओढते. शिशाची बॅटरी जितक्या घाईने रिकामी कराल तितकं ती एकूण कमी देते. याचं गणित १८९७ पासून मांडलेलं आहे. त्या गणिताने दीडशेची बॅटरी पन्नास अँपिअरच्या भाराखाली साधारण नव्वदच देते. तीसुद्धा पार तळापर्यंत नेली तर. रोज तळ गाठला तर ती लवकर मरते, म्हणून निम्म्यावर थांबावं असं एक गट सांगतो. तसं केलं तर हातात पंचेचाळीस उरतात, तासाभराचंही काम नाही. दुसरा गट म्हणतो, ट्यूब्युलर असते कशाला मग? ऐंशी टक्के वापरा, आयुष्य थोडं घटेल, घटू दे. दोघांचंही बरोबर आहे. एक बॅटरीची वर्षं मोजतो, दुसरा आजची फेरी.

शंभर एएचची लिथियम बॅटरी त्याच भाराला जवळपास शंभर देते, आणि नव्वदपर्यंत वापरली तरी कुरकुरत नाही. म्हणजे जो होडी पळवतो, त्याला दीडशेच्या जागी शंभरसुद्धा जास्त होते. जाळी टाकत संथ चालणाऱ्याचं तसं नाही. त्याची मोटर दहा-बारा अँपिअरच घेते, एवढ्या भाराला शिशाची बॅटरी फारशी अडखळत नाही, आणि दीडशेची दीडशेला पुष्कळ जवळ राहते. त्याने शंभरची लिथियम घेतली तर वजन चाळीस-पंचेचाळीस किलोनी उतरेल, पण फेरी लांबणार नाही. तिसरा प्रकार सगळ्यात महागात पडतो: दीडशेची होती म्हणून दीडशेचीच लिथियम. वजन तरीही उतरतं, म्हणून माणूस खूश असतो. पण गरज नसलेल्या पन्नास एएचचे पैसे त्याने मोजलेले असतात. सगळ्यांनी सरळ वॉट-अवर, म्हणजे व्होल्ट गुणिले एएच, छापलं असतं तर हा घोळ अर्ध्यावर आला असता. लिथियमचे १२.८ व्होल्ट गुणिले १०० एएच, १,२८० वॉट-अवर, संपलं. पण दीडशे-दोनशेचे आकडे विकायला बरे पडतात.

लिथियम इथे पोचली ती विजेवरच्या स्कूटरमुळे. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ ला. होडीत वापरतात तो लोह-फॉस्फेटचा प्रकार १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून पुढे आला. तो कोबाल्ट असलेल्या दुसऱ्या लिथियम प्रकारापेक्षा थोडा जड, पण तापला तरी सहजी पेट घेत नाही. आपल्याकडे २०१८ मध्ये लिथियम बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, शिशाचा २८ वरच राहिला. २०१९ पासून केंद्राचं विजेवरच्या वाहनांचं अनुदान शिशाच्या बॅटरीला उरलं नाही. मग २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर स्कूटरी पेटल्या आणि ‘लिथियम म्हणजे आग’ हे डोक्यात बसलं. वर्षअखेरीस वाहनांच्या बॅटरीसाठी कडक चाचण्या लागू झाल्या. होडीला त्या लागू नाहीत, आणि दुकानात दोन्ही प्रकार नुसत्या ‘लिथियम’ नावाने विकले जातात. भंगारातल्या स्कूटरचे सेल काढून स्वस्तात पॅक जुळवून देणारेही आहेत. पाण्याच्या मधोमध बसायचं असेल तर तो नाद नको.

वजन उतरल्यावर नव्या कटकटी आल्या. मागच्या फळीजवळचा भार गेल्याने होडी वाऱ्यावर जास्त वाहायला लागते. मग काहीजण त्याच जागी वाळूची पिशवी ठेवतात आणि काठावरच्यांना हसायला कारण मिळतं. (हसण्यासारखं काही नाही. वाळू पाण्याजवळच मिळते, उतारावरून न्यावी लागत नाही.) शिशाची बॅटरी संपत आली की मोटर मंदावते, तेवढ्यात काठ गाठता येतो. लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतो आणि आतलं सर्किट एका क्षणी पुरवठाच तोडतं. जुना व्होल्टमीटर इथे काही सांगत नाही, म्हणून वल्हं होडीतून काढायचं नाही. स्वस्त पॅकचं सर्किट पन्नास अँपिअरलाच थकत असेल तर पूर्ण वेगाला मोटर मध्येच बंद पडते, तेव्हा सर्किट किती अँपिअर सोसतं तो आकडाही एएचइतकाच विचारून घ्यावा. आणि घरच्या इन्व्हर्टरवर ती लावायची नाही, तिला तिचा चार्जर लागतो.

करातला फरक सप्टेंबर २०२५ मध्ये मिटला. आता दोन्हींवर १८ टक्के. पण शिशाचा एक फायदा अजून टिकून आहे. जुनी ट्यूब्युलर दुकानात परत दिली की शिशाच्या भावाने किलोवर पैसे वळते होतात, आणि साठ किलो तिथे आपल्या बाजूने बोलतात. २००१ चे परत घेण्याचे नियम शिशापुरतेच होते. २०२२ च्या नियमांनी लिथियमचीही जबाबदारी उत्पादकावर टाकली. कागदावर ते झालं. संपलेला लिथियम डबा दुकानात घेऊन गेलात तर नवीन बिलातून किती वजा करणार, हे मात्र आधीच विचारून, जमलं तर बिलावर लिहून घ्या.