मेंदूला बसलेला मुका मार

मागच्या हिवाळ्यात कॅनडातल्या मिसिसागाहून ताईचा फोन आला, की भाचा आईस हॉकीच्या मॅचमध्ये कडेच्या बोर्डवर जोरात आपटला. रक्त नाही, टेंगूळ नाही, उलटी नाही, फक्त डोकं जड वाटतंय म्हणत होता. डॉक्टरांनी तपासलं, बरेच प्रश्न विचारले, एका पायावर उभं केलं आणि घरी पाठवलं, वर सांगितलं की आम्ही परवानगी देईपर्यंत याला खेळायला सोडायचं नाही. इकडे आईचा पहिला प्रश्न, "अगं पण स्कॅन काढला का?" नाही काढला. "मग त्यांना कळलं कसं? आणि काही दिसलंच नाहीये तर खेळू का देत नाहीत पोराला?"

आईचे दोन्ही प्रश्न मला एकदम रास्त वाटले, कारण आपल्याकडे स्कॅन नॉर्मल आला की डोकं ठीक आहे असंच सगळे धरून चालतात. याचं उत्तर शोधताना मी सिडनी क्रॉसबी या आईस हॉकीपटूच्या करिअरपर्यंत पोचलो आणि मग त्यातच अडकलो, कारण या एका माणसाच्या डोक्याला जे झालं त्यातून कन्कशन (डोक्याला धक्का बसून मेंदूचं काम काही काळ बिघडणं) म्हणजे काय हे जितकं स्वच्छ कळतं तितकं मला दुसरीकडे कुठे कळलं नाही.

क्रॉसबी कोण हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं म्हणून थोडक्यात सांगतो. जन्म 1987 चा, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया प्रांत आहे तिथल्या कोल हार्बर गावचा. लहानपणी घराच्या तळघरात गोल मारायची प्रॅक्टिस करायचा आणि चुकलेले पक (हॉकीतली रबरी चकती) कपडे वाळवायच्या मशीनवर जाऊन आपटायचे, त्या मशीनला इतके पोचे आणि काळे डाग पडले की आता ते मशीनच तिकडच्या क्रीडा संग्रहालयात ठेवलंय. 2005 मध्ये लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पिट्सबर्ग पेंग्विन्स या अमेरिकेतल्या संघाने त्याला सगळ्यात पहिला खेळाडू म्हणून निवडलं, 2009 मध्ये म्हणजे 21 व्या वर्षी त्याने कॅप्टन म्हणून स्टॅनले कप, म्हणजे त्या लीगची ट्रॉफी, उचलला, आणि 28 फेब्रुवारी 2010 ला व्हँकुव्हर ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये अमेरिकेविरुद्ध जादा वेळेत गोल मारून कॅनडाला सुवर्णपदक मिळवून दिलं. आपल्याकडे धोनीच्या 2011 च्या सिक्सरचं जे स्थान आहे तेच तिकडे त्या गोलचं.

आता 1 जानेवारी 2011. पिट्सबर्गमध्ये फुटबॉलच्या स्टेडियमवर उघड्या आभाळाखाली मॅच होती. दुसरं सत्र संपता संपता वॉशिंग्टनच्या डेव्हिड स्टेकेलचा खांदा क्रॉसबीच्या डोक्याला लागला, क्रॉसबीचं लक्ष दुसरीकडे होतं. तो वाकत वाकत उठला, बाहेर गेला आणि तिसऱ्या सत्रात परत खेळायला आला. चार दिवसांनी, 5 जानेवारीला, टँपा बेविरुद्ध आणखी एक धडक, यावेळी बोर्डच्या काचेजवळ. मग निदान झालं, सौम्य कन्कशन, साधारण आठवडाभर विश्रांती.

तो आठवडा साडेदहा महिन्यांचा झाला!

त्या दिवसापर्यंत तो 41 मॅचमध्ये 66 पॉइंट घेऊन अख्ख्या लीगमध्ये पुढे होता (गोल आणि गोलला मदत मिळून पॉइंट धरतात). उरलेला अर्धा सीझन तो एकही मॅच खेळला नाही आणि तरीही सीझनच्या शेवटी पिट्सबर्गचा सगळ्यात जास्त पॉइंटवाला खेळाडू तोच होता. करिअरच्या अगदी ऐन भरातला, 23 वर्षांचा पोरगा, आणि त्याला कुठेही टाका पडला नव्हता, हाड मोडलं नव्हतं.

आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे, मुका मार. वरून काही दिसत नाही, आत ठणकत राहतं. फक्त हा मुका मार मेंदूला बसलेला असतो.

आत नेमकं काय होतं ते बघू. आधी वेग. बर्फावर घर्षण नावापुरतंच असतं, त्यामुळे हे खेळाडू सहज ताशी 36 किलोमीटरने जातात, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. पाच मीटर उंचीवरून पडलेला माणूस जमिनीवर जवळपास याच वेगाने येतो, म्हणजे आपल्याकडच्या बैठ्या घराच्या पत्र्याच्याही बऱ्याच वरून. आणि इथे समोरून तशीच 90 किलोची दुसरी व्यक्ती येत असते. धडक येतेय हे दिसलं तर माणूस मान आवळतो, खांदा पुढे करतो, मग डोकं आणि धड मिळून धक्का घेतात. बेसावध असेल तर एकटं डोकं तो धक्का घेतं आणि मानेवर गर्रकन फिरतं.

हे फिरणंच सगळ्यात वाईट. खरवसाचा डबा डोळ्यांसमोर आणा. डबा नुसता पुढे सरकवला तर खरवस एकसंध सरकतो, पण डबा झटकन गोल फिरवला तर कडेचा खरवस डब्याबरोबर फिरतो आणि मधला मागे राहतो, आतल्या आत ताण पडून भेगा जातात. आपला मेंदू साधारण 1400 ग्रॅमचा, जवळपास तितकाच मऊ, आणि तो मेंदूजलात तरंगत असतो, हे मेंदूजल सगळं मिळून 150 मिली, म्हणजे दोन कटिंग चहा. डोकं गर्रकन फिरलं की मेंदूतले लांब लांब चेतातंतू ताणले जातात. हेल्मेट घातलं तर कवटी फुटत नाही, ते घालायलाच हवं, पण हेल्मेट म्हणजे डबा जाड करणं झालं, आतला खरवस हलायचा त्याने थांबत नाही. "हेल्मेट होतं ना, मग कसं लागलं" असं जे आपण विचारतो त्याचं उत्तर हे आहे.

तंतू ताणले की त्यांच्या आवरणातली दारं भलत्या वेळी उघडतात, आतलं पोटॅशियम बाहेर पडतं, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. पेशीकडे हे सगळं परत जागेवर आणणारे पंप असतात आणि ते ऊर्जेवर चालतात. पावसाळ्यात सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलंय, सगळे पंप एकदम चालू केलेत आणि नेमकं त्याच वेळी व्होल्टेज पडलंय, अगदी तशी अवस्था होते, कारण पेशींना साखर हवी असते जास्त आणि मार लागल्यावर मेंदूचा रक्तपुरवठा झालेला असतो कमी. हा तुटवडा काही दिवस ते काही आठवडे चालतो. या काळात पेशी मेलेल्या नसतात, पण पार थकलेल्या असतात, आणि दुसरा मार बसला तर तो सोसायची ताकद त्यांच्यात नसते. म्हणून 1 आणि 5 जानेवारी या दोन तारखा शेजारी ठेवून वाचल्या की मला अजूनही हळहळ वाटते, मधले ते चार दिवस तो बाहेर बसला असता तर!

आता आईच्या पहिल्या प्रश्नाकडे. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीला तडा गेला असेल तर दिसतो, आणि तशी शंका असेल तर तो काढायलाच हवा, म्हणजे वारंवार उलट्या, शुद्ध हरपणं, वाढत जाणारी डोकेदुखी, हातापायातली ताकद जाणं वगैरे. पण पोटॅशियम कुठे गेलं आणि पंप किती दमलेत हे सीटीत दिसत नाही. तंतूंवरचा ताण इतका बारीक असतो की तोही दिसत नाही. त्यामुळे नॉर्मल स्कॅनचा अर्थ "रक्तस्राव नाही" इतकाच, "काही झालं नाही" असा नाही. मग डॉक्टर काय करतात, तर मेंदूला काम देऊन बघतात. वर्षाचे महिने उलटे म्हण, मघाशी सांगितलेले शब्द आठव, एका रेषेत पाऊल टाक, माझ्या बोटाकडे बघ. भाचा डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर करत ऑगस्टपर्यंत आला आणि तिथे थांबला, पुढचा महिना त्याला सुचेचना. ताई म्हणाली, तेव्हा तिच्या पोटात गोळा आला.

त्यातला डोळ्यांचा भाग मला फार आवडतो, घरी करून बघण्यासारखा आहे. हातात मोबाईल स्थिर धरा आणि नाही म्हणताना हलवतो तशी मान भराभर हलवत वाचा, अक्षरं दिसतात. आता मान स्थिर ठेवून मोबाईल त्याच वेगाने हलवा, सगळं पुसट. फरक कशामुळे, तर कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारं यंत्र असतं, डोकं उजवीकडे वळलं की ते क्षणार्धात डोळ्यांना डावीकडे वळवतं. खडबडीत रस्त्यावर रिक्षात बसून आपण दुकानांच्या पाट्या वाचतो ते याच्याच जोरावर. कन्कशनमध्ये हे गणित बिघडू शकतं, मग मान हलली की जग हलतं, गर्दीत गेलं की भोवळ येते. आता विचार करा, ज्याचं अख्खं काम बर्फावर वेगाने वळत वळत पकवर नजर ठेवायचं आहे त्याचं हे गणित चुकलं तर उरलं काय! सप्टेंबर 2011 मध्ये क्रॉसबी त्याच्या डॉक्टरांसोबत पत्रकारांसमोर बसला तेव्हा त्यांनी हाच तोलाच्या यंत्रणेचा त्रास सांगितला होता. त्याआधी एप्रिलमध्ये तो सरावाला उतरला होता, पण जोर वाढवला की डोकेदुखी परत, मग पुन्हा सगळं बंद.

21 नोव्हेंबर 2011 ला तो परतला, न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्ध, आणि पहिल्याच मॅचमध्ये दोन गोल आणि दोन गोलना मदत. सगळ्यांना वाटलं सुटलो. आठ मॅच झाल्या आणि त्रास परत आला, तो थेट मार्च 2012 पर्यंत. मधल्या काळात जानेवारीत कळलं की त्याच्या मानेच्या वरच्या भागातल्या मऊ ऊतींनाही इजा झालेली आहे. मान इतकी महत्त्वाची का, तर डोकं कुठे आहे याची खबर मेंदूला कान आणि डोळ्यांसोबत मानेचे स्नायूही देत असतात, ती खबर चुकीची गेली तरी गरगरतं, डोकं दुखतं, लक्षणं हुबेहूब कन्कशनसारखी. मान दुखतेय याकडे आपण फार हलक्यात बघतो असं मला हे वाचल्यापासून वाटायला लागलंय.

त्याच 2011 च्या मे महिन्यात डेरेक बूगार्ड हा हॉकीपटू गेला, वय फक्त 28. पेनकिलर आणि दारू यांचा एकत्र ओव्हरडोस. त्याचं संघातलं काम मुख्यतः मारामारीचं, म्हणजे आपल्या खेळाडूंना कोणी त्रास दिला तर ग्लोव्हज टाकून भिडायचं. घरच्यांनी त्याचा मेंदू बॉस्टन विद्यापीठाला दिला आणि त्यात सीटीई नावाचा आजार सापडला. वर्षानुवर्षं डोक्याला मार बसत राहिला की टाऊ नावाचं प्रथिन पेशींमध्ये गुंतवळासारखं साठत जातं, राग, विसराळूपणा, उदासी वाढते, आणि याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. 28 व्या वर्षी हे सापडणं म्हणजे काय हे लिहितानाही बरं वाटत नाही.

क्रॉसबी बाहेर बसलेला असताना खेळाचे नियमही हलले. बेसावध खेळाडूच्या डोक्याला बाजूने मारण्यावर बंदी 2010 च्या सीझनपासून आली होती, ती पुढच्या वर्षी आणखी कडक झाली. मार्च 2011 पासून शंका असलेल्या खेळाडूला बेंचवर न ठेवता शांत खोलीत नेऊन डॉक्टरने तपासायचं ठरलं. पण मला सगळ्यात मोलाचा बदल वाटतो तो मुलांचा. कॅनडात अल्बर्टा प्रांतात 11-12 वर्षांच्या मुलांना अंगावर धडक मारायची म्हणजे बॉडीचेकिंगची मुभा होती आणि क्यूबेकमध्ये नव्हती, संशोधकांनी दोन्हीकडची मुलं पूर्ण सीझनभर बघितली, तर अल्बर्टात कन्कशनचा धोका तिपटीहून जास्त निघाला. हा अभ्यास 2010 मध्ये आला आणि 2013 मध्ये हॉकी कॅनडाने त्या वयात देशभर बॉडीचेकिंग बंद केलं. नियम बदलून मेंदू वाचतात हे इतक्या सरळ आकड्यात फार क्वचित दिसतं.

ताई ज्या प्रांतात राहते त्या ओंटारिओत तर 2018 पासून कायदाच आहे, रोवन्स लॉ. 17 वर्षांची रग्बी खेळणारी एक मुलगी 2013 मध्ये, आठवडाभरात डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसल्याने गेली, तिच्या नावावर हा कायदा आहे. कन्कशनची शंका आली की मुलाला लगेच मैदानाबाहेर काढायचं, आणि परत आणायचं ते पायरी पायरीने. आपल्या क्रिकेटमध्येही 2019 पासून कन्कशन झालं तर बदली खेळाडू मिळतो, डिसेंबर 2020 ला कॅनबेरात जडेजाच्या हेल्मेटला बॉल लागला आणि त्याच्या जागी आलेल्या चहलने तीन विकेट काढल्या, तेव्हा वाद झाला होता, पण नियम योग्यच आहे. कबड्डीत आणि शाळेच्या मैदानांवर हे कधी येतं याची मी मनापासून वाट बघतोय.

उपचारही बदललेत. आधी अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहायला सांगायचे. आता एक-दोन दिवस आराम आणि मग त्रास फार वाढणार नाही इतपत हलकं चालणं, सायकल वगैरे. बफेलो विद्यापीठाच्या 2019 च्या प्रयोगात असा हलका व्यायाम करणारी किशोरवयीन मुलं साधारण 13 दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांना 17 दिवस लागले.

क्रॉसबीने 2016 आणि 2017 ला आणखी दोन स्टॅनले कप जिंकले. मे 2017 मध्ये त्याला परत कन्कशन झालं होतं आणि तो एकच मॅच चुकवून पाच दिवसांत बर्फावर आला, कप जिंकला, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला, पण 2011 माहीत असलेल्या माणसाला ते बघवत नाही, निदान मला तरी नाही. 2024-25 चा सीझन त्याचा विसावा, मॅचमागे किमान एक पॉइंट अशी सरासरी राखणारा लागोपाठ विसावा, आणि त्याने हॉकीतला दिग्गज वेन ग्रेट्झकीचा 19 सीझनचा विक्रम मोडला. या विसात 2011-12 सुद्धा आहे, ज्यात तो फक्त 22 मॅच खेळू शकला आणि पॉइंट होते 37.

भाचा सोळाव्या दिवशी परत स्केट्स बांधून उतरला, पहिला आठवडा एकट्यानेच, कोणाच्या अंगावर न जाता. आई रोज व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून महिने उलटे म्हणवून घेते, मराठी महिने, फाल्गुन माघ पौष मार्गशीर्ष. ते त्याला सरळसुद्धा येत नव्हते, आता दोन्हीकडून येतात.