कृष्णाकाठावरून गेलेल्या दोन सावल्या

हेलियमचा शोध कुठे लागला, असं आपल्याकडच्या शाळेतल्या प्रश्नमंजूषेत विचारलं की बरेचदा 'विजयदुर्ग' हे उत्तर येतं. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि त्याला हेलियम सापडला, अशी ही गोष्ट. किल्ल्यावर 'साहेबाचा ओटा'ही दाखवतात. गोष्टीत तारीख खरी आहे, ग्रहण खरं आहे, किल्ला खरा आहे आणि लॉकियर त्या किल्ल्यावर आला होता हेही खरं आहे. पण तो आला तीस वर्षांनी, दुसऱ्याच ग्रहणाला. १८६८ च्या त्या सकाळी तो इंग्लंडमध्ये होता.

ही चूक दुरुस्त करायची ती केवळ तारखेच्या हट्टापायी नव्हे. दोन वेगळी ग्रहणं एका गोष्टीत मिसळली, आणि त्यात आपल्या भागाचा वाटा पुसला गेला. १८६८ ची सावली सांगली-मिरजेवरून गेली, १८९८ ची कराडवरून. शिराळा-इस्लामपूरचा पट्टा तर दोन्हींत आला. पृथ्वीवरच्या कुठल्याही एका ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येतं. इथे ते तीस वर्षांच्या आत दोनदा आलं. आठव्या-नववीच्या वर्गात सूर्याबद्दल जे शिकवलं जातं, त्यातला बराच भाग या दोन सावल्यांशी जोडलेला आहे.

पहिलं ग्रहण श्रावणी अमावास्येचं. एडनकडे सूर्योदयाला सुरू झालेली सावली अरबी समुद्र ओलांडून कोकणात शिरली, सह्याद्री चढली आणि कृष्णेचं खोरं पार करून गुंटूर-मच्छलीपट्टणकडे गेली. पुढे सयामच्या (आजच्या थायलंडच्या) आखातात हे ग्रहण पावणेसात मिनिटांहून जास्त काळ खग्रास होतं. इतकं लांब ग्रहण क्वचित मिळतं, म्हणून युरोपातल्या विज्ञानसंस्थांनी हिंदुस्थानात माणसं पाठवली. फ्रान्सचा ज्यूल जान्सेन गुंटूरला गेला, मेजर टेनंटची ब्रिटिश तुकडीही गुंटूरलाच होती, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणला. आणि तिसरी महत्त्वाची जागा होती जमखिंडी.

जमखिंडी आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, पण तेव्हा ते पटवर्धनांचं संस्थान होतं, सांगली-मिरजेच्या भाऊबंदांचं. तिथे आला लेफ्टनंट जॉन हर्शेल. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू, हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात नोकरीला असलेला. रॉयल सोसायटीने त्याला वर्णपटदर्शक दिला होता. प्रकाश लोलकातून नेऊन त्याचे रंग वेगळे करायचे आणि कुठल्या रंगाची रेघ ठळक आहे हे पाहून तो कुठल्या मूलद्रव्यातून आला ते ओळखायचं, ही रीत किरखॉफ आणि बुन्सेन यांनी जेमतेम आठ-नऊ वर्षांपूर्वी घालून दिली होती. खग्रास सूर्याच्या कडेला ज्या लालसर ज्वाला दिसतात त्या सूर्याच्याच, हे १८६० च्या स्पेनमधल्या ग्रहणात छायाचित्रांनी दाखवलं होतं. त्या कशाच्या बनल्या आहेत, हा प्रश्न शिल्लक होता.

ऑगस्ट महिना. ऐन पावसाळ्यात कोकणपट्टीवर आभाळ मोकळं मिळण्याची आशा कोण करील? जमखिंडी घाटमाथ्यापासून पुष्कळ पूर्वेला, कमी पावसाच्या प्रदेशात. तरीही त्या सकाळी ढगांनी हर्शेलला सोडलं नाही. खग्रास अवस्था सुरू झाली तरी ढग सरकत होते. मध्येच फट पडली, ज्वाला दुर्बिणीत सापडली आणि वर्णपटात त्याला तीन ठळक रेघा दिसल्या, लाल, नारिंगी आणि निळी. अखंड पट्टा नव्हता, सुट्या रेघा होत्या. म्हणजे ती ज्वाला तापलेल्या वायूची होती. लाल आणि निळी रेघ हायड्रोजनची. नारिंगी-पिवळी रेघ जिथे होती तिथेच साधारण सोडियमची जागा असते, त्यामुळे ती सोडियमची असावी असं वाटणं साहजिक होतं. गुंटूर आणि मच्छलीपट्टणलाही तीच रेघ दिसली.

ही सोडियमची पिवळी रेघ प्रत्येकाने घरात पाहिलेली असते. गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाचं पाणी उतू गेलं की ज्योत क्षणभर पिवळी होते, तो रंग सोडियमचा. नीट मोजलं तर त्या दोन जवळजवळच्या रेघा निघतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर. सूर्याच्या ज्वालेतली रेघ ५८७.६ वर आहे. फरक दीड नॅनोमीटरचाही नाही. ढगांच्या फटीतून, काही मिनिटांत, तेव्हाच्या उपकरणांनी तो फरक पक्का धरणं फार अवघड होतं.

निवांत मोजायची सवड मिळाली जान्सेनच्या एका कल्पनेमुळे. ज्वालांच्या रेघा इतक्या तेजस्वी आहेत, तर त्या ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात, असं त्याला ग्रहण चालू असतानाच सुचलं. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्याने त्या दिवसाउजेडी पाहिल्या. हीच युक्ती लॉकियरच्या डोक्यात आधीपासून घोळत होती. हा माणूस लंडनला युद्धखात्यात कारकुनी करणारा, सूर्याचा ध्यास घेतलेला. त्याचा नवा वर्णपटदर्शक उशिरा तयार झाला आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यानेही इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, त्या रेघा पाहिल्या. जान्सेनचं पत्र आणि लॉकियरचं पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत वाचलं गेलं. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. लॉकियरला रोज मोजायची सोय झाली आणि पिवळी रेघ सोडियमच्या दोन्ही रेघांपासून वेगळी आहे हे ठरलं. प्रयोगशाळेतल्या कुठल्याच ज्ञात पदार्थाशी ती जुळेना, तेव्हा हे सूर्यावरचं नवं मूलद्रव्य, म्हणजे हेलियम, असावं असं त्याने मांडलं. पुष्कळांनी ते मानलं नाही. १८९५ साली विल्यम रॅम्झीने युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ पाहिली, तेव्हा सत्तावीस वर्षांचा वाद मिटला. म्हणून हेलियम 'अमुक दिवशी अमुक जागी सापडला' असं म्हणताच येत नाही. जमखिंडी, गुंटूर, मच्छलीपट्टण, लंडन अशा अनेक जागा आणि अनेक वर्षं त्यात आहेत.

या सगळ्यात इथली माणसं काय करत होती? ग्रहण येणार हे त्यांनाही ठाऊक होतं. गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास लिहिलेल्या 'ग्रहलाघव'वरून आपले पंचांगकर्ते ग्रहणाचं गणित करत. त्यात ज्या-कोटिज्यांची (साइन-कोसाइनची) कोष्टकं लागत नाहीत, बेरीज-वजाबाकी आणि गुणाकार-भागाकारावर काम होतं, आणि स्पर्श, मध्य, मोक्ष (ग्रहण लागणं, त्याचा मध्य, ते सुटणं) यांच्या वेळा व्यवहाराला पुरतील इतक्या येतात. चंद्राच्या सावलीने सूर्यग्रहण होतं हे तर आर्यभटाने इ.स. ४९९ मध्येच सांगून ठेवलं होतं. तरी घरात राहू-केतू, वेध, सूतक, पाण्यात दर्भ. मोक्षानंतर कृष्णेच्या घाटावर स्नान आणि गल्लीतून 'दे दान सुटे गिराण' ही हाक. गणित करणाऱ्याला सावली माहीत होती आणि घरातल्या बाईला भीती माहीत होती. मधला जिना कोणी बांधला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्ञान होतं, ते पोथीत होतं, आणि पोथी मोजक्या घरांत होती.

दुसरं ग्रहण २२ जानेवारी १८९८ चं, पौष अमावास्येचं, भर दुपारचं. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागली, ईशान्येकडे सरकत कराड, औंध, दहिवडी ओलांडून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून विदर्भाकडे आणि पुढे बक्सरकडे गेली. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातलं होतं, पुण्यात रँडच्या खुनाला वर्षही झालं नव्हतं. अशा दिवसांत परदेशी मोहिमा आल्या. या वेळी मात्र लॉकियर खरोखरच विजयदुर्गावर होता, आणि 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेचे खलाशी त्याच्या मदतीला होते. किल्ल्यावरचे ओटे या मोहिमेशी नीट जुळतात. लोकांनी साहेब पाहिला, ओटा पाहिला, आणि साहेबाच्या नावाशी जोडलेला हेलियमही त्याच ओट्यावर आणून बसवला. गोष्टीत तीस वर्षं गळाली ती इथे.

जेऊर मुंबई-मद्रास रेल्वेमार्गावर असल्याने तिथे मोठी जत्राच जमली. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल तिथे होता, जपानी मंडळी होती, आणि आपल्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नाईगमवाला. भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली होती. जेऊरच्या मोहिमेचा सविस्तर अहवाल त्यांनी छापला. १८६८ ला हिंदुस्थान ही फक्त साहेबांनी दुर्बीण मांडायची जागा होती. १८९८ ला त्याच सावलीत एक हिंदुस्थानी माणूस स्वतःची मोहीम घेऊन उभा होता. माझ्या मते या तीस वर्षांतला सगळ्यांत मोठा बदल हाच, आणि शाळेत तो सांगितला जात नाही.

या ग्रहणात अभ्यासाचा विषय होता प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचं विरळ आवरण, ज्याला करोना म्हणतात. त्याच्या वर्णपटात एक हिरवी रेघ दिसते. ती १८६९ पासून माहीत होती, कुठल्याच पदार्थाशी जुळत नव्हती, म्हणून तिच्यासाठी 'करोनियम' हे नवं मूलद्रव्य मानलं गेलं. हेलियमचा अनुभव पाठीशी असल्याने कोणाला ते अशक्य वाटलं नाही. १८९८ मध्ये जेऊर आणि विजयदुर्ग इथल्या छायाचित्रांवरून तिची जागा आधी मानली होती ती नसून ५३०.३ नॅनोमीटरच्या आसपास आहे हे निश्चित झालं. पण करोनियम काही सापडला नाही. १९४० च्या आगेमागे ग्रोट्रियान आणि एडलेन या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ही रेघ लोखंडाचीच आहे, फक्त तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. इतके इलेक्ट्रॉन उडवायला दहा लाख अंशांहून जास्त तापमान लागतं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस, आणि त्याच्या बाहेरचं विरळ आवरण लाखो अंशांचं! हे कसं, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही.

एकाच पद्धतीने दोन नवी मूलद्रव्यं मांडली गेली, एक खरं निघालं, एक खोटं. विज्ञान कसं चालतं हे मुलांना सांगायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. पुस्तकात हेलियम असतो, करोनियम नसतो. दोन्ही शेजारी ठेवले तर मुलं आपोआप विचारतात, 'मग सर, एक खरं हे कसं कळलं?'

नाईगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद पडली आणि तिची उपकरणं कोडाईकनालला गेली. तिथली मोठी दुर्बीण 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली जाते. कोडाईकनालच्या वेधशाळेतून वाढलेली भारतीय खगोलभौतिकी संस्था आज बंगळुरूला आहे. २ सप्टेंबर २०२३ ला झेपावलेल्या आदित्य-एल१ यानावर करोना पाहणारी जी दुर्बीण आहे ती या संस्थेने बनवली. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याची तबकडी कृत्रिमरीत्या झाकून, ती ज्या रेघांचा अभ्यास करते त्यांत हीच ५३०.३ ची हिरवी रेघ आहे.

भीतीचा इतिहास मात्र इतक्या सरळ पुढे सरकला नाही. साताऱ्यात जन्मलेल्या नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, आणि ग्रहणात उघड्यावर खाणंपिणं, ग्रहण दाखवणं, गरोदर बायकांच्या मनातली भाजी चिरण्याची भीती घालवणं हे कामाचा भाग झालं. १८६८ साली न बांधलेला तो जिना या कार्यकर्त्यांनी आणि असंख्य शिक्षकांनी पायरी-पायरीने बांधला. २५ ऑक्टोबर २०२२ ला, दिवाळीतच, ग्रस्त सूर्य मावळला. तो पाहायला बाहेर पडलेली माणसं होती आणि दारं लावून बसलेली घरंही होती.

पुढची संधी २ ऑगस्ट २०२७ ची, आषाढ अमावास्येची, म्हणजे दिव्यांच्या अवसेची. खग्रास पट्टा स्पेन, मोरोक्को, इजिप्त, अरबस्तान असा आहे. आपल्याकडे दुपारनंतर सूर्याचा थोडा भाग झाकलेला दिसेल. खंडग्रास असल्याने क्षणभरही नुसत्या डोळ्यांनी पाहायचं नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल यांपैकी काहीही चालत नाही, प्रमाणित ग्रहणचष्माच हवा. नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याकडे पाठ करायची आणि भिंतीवर पडलेली कोर पाहायची. वर्णपट दाखवायचा असेल तर जुन्या सीडीचा तुकडा आणि वर्गातला ट्यूबलाइट पुरतो, सूर्याकडे ती सीडी रोखायची नाही. आणि पावसाळा असल्याने ज्या शाळांना मुलांना कुठे न्यायची सोय आहे त्यांनी पाटण-महाबळेश्वरकडे न जाता आटपाडी, जत, माण, खटाव अशा पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत जागा पाहावी. ढगांची खात्री तिथेही नाही, पण शक्यता बरी आहे, आणि जागा आतापासून ठरवायला हरकत नाही.