लँटोस, टॉम

लँटोस, टॉम : (१ फेब्रुवारी १९२८–११ फेब्रुवारी २००८). अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे कॅलिफोर्नियातील डेमोक्रॅट सदस्य (१९८१–२००८) आणि गृहाच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष (२००७–०८). नाझींच्या ज्यू संहारातून वाचून पुढे अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेलेली ही एकमेव व्यक्ती.

जन्म बुडापेस्टमधील ज्यू कुटुंबात. मार्च १९४४ मध्ये जर्मनीने हंगेरीचा ताबा घेतला तेव्हा ते १६ वर्षांचे होते. सक्तमजुरीच्या छावणीतून ते पळाले, पकडले गेले, मार खाऊन पुन्हा पळाले. स्वीडिश मुत्सद्दी राऊल वालेनबर्ग यांनी संरक्षण दिलेल्या घरात त्यांना आसरा मिळाला. आई मात्र वाचली नाही. १९४७ मध्ये ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले, १९५३ मध्ये बर्कली येथून अर्थशास्त्रात पीएच.डी. झाले आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत बरीच वर्षे शिकवत राहिले.

अमेरिकेत पुढे नागरिकत्व घेतलेल्याला राष्ट्राध्यक्ष होता येत नाही. प्रतिनिधिगृहासाठी मात्र ७ आणि सिनेटसाठी ९ वर्षांचे नागरिकत्व पुरते. लँटोस यांची जागा वेगळ्याच कारणाने चर्चेत होती. तेथील सदस्य लिओ रायन यांची १९७८ मध्ये गयानात जोन्सटाउनजवळ हत्या झाली आणि पोटनिवडणुकीत जागा रिपब्लिकनांकडे गेली. १९८० मध्ये रेगन यांची लाट असताना लँटोस यांनी ती परत जिंकली. त्यांचे पहिले मोठे विधेयक वालेनबर्ग यांना सन्माननीय नागरिकत्व देण्याचे. ते १९८१ मध्ये कायदा झाले. त्याआधी हा मान फक्त चर्चिल यांना मिळाला होता.

परराष्ट्र धोरण राष्ट्राध्यक्ष चालवतात. साध्या सदस्याच्या हाती उरतात त्या सुनावण्या, ठराव आणि कायद्यात घातलेल्या अटी. लँटोस तिन्ही वापरत. १९८३ मध्ये रिपब्लिकन जॉन पोर्टर यांच्यासह त्यांनी काँग्रेस सदस्यांचा मानवी हक्क गट स्थापला. सप्टेंबर १९८७ मध्ये दलाई लामांनी तिबेटची पंचसूत्री शांतता योजना याच गटासमोर मांडली. पण असा गट म्हणजे गृहाची अधिकृत समिती नव्हे, आणि नेमकी तिथेच मेख होती. ऑक्टोबर १९९० मध्ये याच गटासमोर एका १५ वर्षांच्या कुवेती मुलीने इराकी सैनिकांनी इस्पितळात अर्भकांना इनक्युबेटरमधून बाहेर काढल्याची साक्ष दिली. साक्ष शपथेवर नव्हती, तिचे आडनावही सांगितले गेले नाही. ती अमेरिकेतील कुवेती राजदूताची मुलगी असल्याचे आणि कुवेतच्या बाजूने चाललेल्या प्रचारमोहिमेमागे जनसंपर्क कंपनी असल्याचे १९९२ मध्ये उघड झाले. साक्षीदाराची ओळख लपवायची गरज असू शकते. ते नाते लोकांपासून दडवणे ही चूकच होती.

भारताशी त्यांचा संबंध भारत-अमेरिका नागरी अणुकरारातून आला. अणुप्रसारबंदी करारावर सही न केलेल्या आणि सर्व अणुभट्ट्या तपासणीसाठी खुल्या न केलेल्या देशाशी अणुइंधन व अणुभट्ट्यांचा व्यापार अमेरिकी कायद्यात बसत नव्हता. तारापूरच्या इंधनाचे घोडे याच कायद्यापाशी अडले होते. २००५ मध्ये इराणबाबतच्या भारताच्या भूमिकेवर लँटोस यांनी समितीत कडक टीका केली होती. तरी २००६ मध्ये त्यांनी दोन टप्प्यांची वाट सुचवली: आधी कायद्यात सवलतीची सोय, मग वाटाघाटी पूर्ण झालेला करार स्वतंत्र मतदानाला. समितीचे तत्कालीन अध्यक्ष हेन्री हाइड यांच्या नावाचा कायदा डिसेंबर २००६ मध्ये झाला, तो याच वळणाने.

२००२ मध्ये इराक युद्धाच्या बाजूने त्यांनी मत दिले. २००७ मध्ये तिथे सैन्य वाढवण्याला मात्र विरोध केला. त्या वर्षी नोव्हेंबरात, चिनी पत्रकाराची माहिती चीन सरकारला पुरवल्याबद्दल याहूच्या प्रमुखांना त्यांनी समितीसमोर झाडले. ऑटोमन तुर्की राजवटीतील आर्मेनियन वंशसंहाराला मान्यता देणारा ठराव समितीत २७ विरुद्ध २१ असा मंजूर झाला, पण गृहापुढे आलाच नाही. समितीतला विजय किती तोकडा असतो ते इथे दिसते.

अन्ननलिकेच्या कर्करोगाने पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. एड्स, क्षयरोग आणि हिवतापविरोधी मदतीसाठी पाच वर्षांत ४८ अब्ज डॉलर देणाऱ्या २००८ च्या कायद्याला त्यांचे आणि हाइड यांचे नाव आहे. मानवी हक्क गटाचा त्याच वर्षी लँटोस यांच्या नावाचा आयोग झाला; तो सुनावण्या घेतो, पण विधेयक पुढे नेण्याचा अधिकार त्यालाही नाही.